पहाटेचे पाच वाजून अकरा

हिरवा... हिरवा... मध्ये क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा हिरवा — भिंतीवरच्या पांढऱ्या डबीच्या कपाळावरचा मोहरीएवढा दिवा असा लुकलुकत होता, जणू साऱ्या जगाला घरी बोलावलंय आणि तो दारात उभा राहून या, या म्हणतोय. राउटरचे चारही दिवे आता तिच्या ओळखीचे झाले होते. पहिला विजेचा. दुसरा बाहेरून येणाऱ्या तारेचा. तिसरा घरभर पसरणाऱ्या वायफायचा. चौथ्याचं काम काय हे तिला कळलं नव्हतं, पण तोही हिरवाच होता, म्हणजे त्याचीही काही तक्रार नसावी. मग? सगळे राजी आहेत तर रुसलंय कोण?

टेबलावरच्या संगणकात मात्र तेच करडं पान. तोच लाल त्रिकोण, तेच वाक्य — या ठिकाणाशी सुरक्षित संपर्क होऊ शकत नाही. तिनं दुसरा पत्ता टाकून पाहिला, तिसरा टाकला. हवामानाचं पान, शब्दकोशाचं पान, कुठलंसं गाण्यांचं पान... दारं वेगळी, पण प्रत्येक दारावर पाटी तीच. आणि चार वाजता —

चार वाजता तिच्या आवाजाची परीक्षा होती. बोलक्या पुस्तकांचं एक ग्रंथालय होतं, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ठेवणारं, आणि त्यांना नवे वाचक हवे होते. तीनशे अर्जांतून त्यांनी अकरा निवडले होते, आणि त्या अकरांत ती होती. पत्र तिनं छापून घेऊन टेबलाच्या काचेखाली सरकवलं होतं. बरोबर चार वाजता दिलेल्या पानावर यावे. संगणकावरूनच यावे, मोबाइल चालणार नाही. दहा मिनिटांपेक्षा अधिक उशीर झाल्यास चाचणी रद्द समजावी. पुन्हा वेळ दिली जाणार नाही. किती नम्रपणे माणसाला कड्यावर उभं करतात!

खरं तर तिला धडकी भरायला हवी होती. पण सकाळी नऊ वीसला संगणक सुरू केल्यापासून तिच्या अंगात जे संचारलं होतं त्याला भीती म्हणणं खोटं झालं असतं. गुदगुल्याच त्या. आई पडली म्हणून पाच आठवडे माहेरी काढून ती काल संध्याकाळी परतली होती — पाच आठवडे औषधांच्या वेळा, चादरी, कुबड्या — आणि आज समोर एक कोडं होतं, ज्याला नक्की उत्तर होतं. कुठंतरी, या डबीपासून त्या पडद्यापर्यंतच्या वाटेवर, एक गाठ बसली होती. ती शोधायची. बोटांनी चाचपत जायची आणि सोडवायची. तिनं मोबाइल उचलून त्याच डबीच्या वायफायवर तेच हवामानाचं पान उघडलं. उघडलं! उन्हाचं छोटं चित्रसुद्धा आलं. म्हणजे डबी निर्दोष. बाहेरची तार निर्दोष. दोष घरातच, या पेटीतच... तिनं टाळीच वाजवली.

“कुणाला टाळ्या?” आतल्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं.

“कुणाला नाही, बाबा. चोर घरातलाच निघाला.”

“मग बोलव पोलिसांना. सकाळपासून घरभर फिरतेयस, कुणी चावी भरून सोडल्यासारखी.”

ती हसली. चावी भरून — सगळं चावीवरच जायचं त्यांचं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुकान विकलं तेव्हा त्यांनी गल्ला विकला, काचेची कपाटं विकली, पण भिंतीवरची अकरा घड्याळं घरी आणली, आणि ती अकराच्या अकरा आजही एका सेकंदाला एकच पाऊल टाकत. डोळे गेले होते त्यांचे. म्हणजे सगळे नाही, फक्त मधले. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं, म्हणून ते माणसाकडे तिरकं बघत, लाजऱ्या मुलासारखं. रोज सकाळी ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी — पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या जाहिरातींपर्यंत — आणि त्यांनीच एकदा म्हटलं होतं, तुझ्या आवाजाला लंबक आहे गं, घाई नाही, आळस नाही. हा आवाज एकट्या म्हाताऱ्यावर वाया घालवू नकोस. अर्जही त्यांनीच भरायला लावला. नवऱ्याला तिनं नंतर सांगितलं. तो रंगाच्या दुकानात रंग मिसळायच्या यंत्रावर असायचा. म्हणाला, छान, छान, आणि मग जरा थांबून, जमेल तुला? वाईट मनानं नाही विचारलं त्यानं. पण तो प्रश्न घरात राहायला आला तो आलाच... कोपऱ्यात बसून असायचा.

तिनं नणंदेला फोन लावला. नणंद एका दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर बसे, दिवसभर संगणकापुढं, आणि घरातल्या साऱ्या यंत्रांचं माहेर तिथंच होतं.

“वहिनी, थांब हं — नंबर चौदा! चौदा आत जा! — हां, बोल. काय म्हणतंय तुझं बाळ?”

“सगळ्यांना परकं म्हणतंय. कुणालाच घरात घेत नाहीये.”

“दुसऱ्या ब्राउझरमधून बघितलंस?”

“बघितलं. तोही त्याच आईचा.”

“बरं. मग आता मी सांगते तसं कर. काळी खिडकी उघड, आणि मी सांगते ते अक्षर-अक्षर टाइप कर. घाबरू नकोस, स्फोट होत नाही.”

ती काळी खिडकी! लुकलुकणाऱ्या रेघेपुढं तिनं एक-एक अक्षर ठेवलं, बटण दाबलं, आणि खालून एकेक करत चार ओळी उगवल्या. उत्तर आलं. उत्तर आलं. उत्तर आलं. उत्तर आलं. नणंद म्हणाली, “म्हणजे वाट मोकळी आहे. तू हाक मारलीस, पलीकडचा यंत्रबाबा ओ म्हणाला. चार वेळा.” आणि मग तिकडे पंधरा नंबरवाल्याचं काहीतरी भांडण झालं, फोन ठेवावा लागला, पण ती त्या चार ओळींकडे बघतच राहिली.

कारण हे तिला येत होतं. हे तर तिनं नऊ वर्षं केलं होतं! बसस्थानकावरच्या त्या काचेच्या खोपट्यात, पुढ्यात मायक्रोफोन आणि शेजारी काळा फोन — सव्वादहाची गाडी साडेदहापर्यंत आली नाही की ती एकेका थांब्याला फोन लावत जायची. तुमच्याकडून सुटली? सुटली. तुमच्याकडे पोचली? पोचली, निघाली. तुमच्याकडे? नाही अजून... म्हणजे या दोघांच्या मध्येच कुठंतरी, टायर, रेल्वेचं फाटक, रस्त्यावर उतरलेली म्हैस, काहीही. मग मायक्रोफोनचं बटण दाबून, जणू स्वतः रस्त्यावर जाऊन बघून आल्यासारखं, ती सांगायची : सव्वादहाची गाडी वीस मिनिटं उशिरानं, फलाट क्रमांक तीनवर. आणि तीनशे माणसं निश्चिंत होऊन पुन्हा बाकावर टेकायची. तिच्या शब्दावर! मनातल्या मनात ती ओळी जुळवायची तेव्हा, कामाच्या लयीत आपोआप जुळायच्या, तशीच एक आत्ताही ओठांवर आली —

चार हाका दिल्या बाई, चारींना गं ओ आली,
वाट मोकळी असून गाडी कुणी अडवली?

कुणी अडवली... ती गुणगुणत डबीची वायर काढून पुन्हा खोचत होती, जुना साठा पुसत होती, डबी बंद करून तीस मोजत होती. बारा वाजले, तसे भिंतीवरच्या अकरा घड्याळांतल्या चार टोलवाल्यांनी एका सुरात बारा ठोके दिले. एक वाजला. सासऱ्यांना जेवायला वाढलं, स्वतः उभ्यानं दोन घास खाल्ले. दोन वाजले. त्रिकोण तसाच. आणि तेव्हा, ताट धुताना, गार पाण्याखाली हात धरलेला असताना, एक विचार अगदी हळूच, मांजराच्या पावलानं आला : नाही उघडलं तर नाही उघडलं.

काय म्हणालीस?

नाही उघडलं तर... कुणी काही म्हणू शकणार नाही. नेट नव्हतं म्हणता येईल. हरले असं नाही म्हणावं लागणार.

तिनं नळ बंद केला. किती उबदार होता तो विचार! पांघरुणासारखा. ‘जमेल तुला?’ या प्रश्नाला उत्तरच द्यायला नको. तेरा वर्षं ती मायक्रोफोनपुढं बसली नव्हती. एका जूनमध्ये स्थानकावर नवं यंत्र आलं, ध्वनिमुद्रित आवाज घेऊन. सगळे फलाट, सगळे आकडे, सगळी गावं आधीच म्हणून ठेवलेली. तो आवाज दुसऱ्याच बाईचा होता. छान होता, काचेसारखा. पण गाडी कुठं अडकलीय हे त्या आवाजाला कधीच ठाऊक नसायचं. तो आपला म्हणायचा, येत आहे, येत आहे... मला त्या आवाजाचा राग आला नव्हता. मला फक्त त्या दिवसापासून घरातसुद्धा मोठ्यानं बोलावंसं वाटेना. बाबांचे डोळे गेले आणि वर्तमानपत्र हातात आलं तेव्हा कुठं...

नाही. असं नाही. तिनं हात पुसले, जवळजवळ धावतच टेबलाशी आली. किती वेळ उरलाय? आणि उत्तरासाठी — आयुष्यात पहिल्यांदाच, कारण या घरात वेळ बघायला कुणी पडद्याच्या कोपऱ्यात डोकावतच नसे, अकरा घड्याळं भिंतीवर उभी असताना डोकावेल कशाला — तिची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेली.

पाच वाजून अकरा मिनिटं. पहाटेची.

तिनं भिंतीकडे पाहिलं. अडीच वाजून गेले होते, एक मिनिट वर. दुपारचं ऊन फरशीवर पसरलेलं. पुन्हा पडद्याकडे. पहाटेचे पाच अकरा. तारीख — एक जानेवारी. आणि साल... साल तेरा वर्षांपूर्वीचं.

क्षणभर काहीच हललं नाही. मग छातीत एकदम पाखरांचा थवा उठावा तसं झालं. तिनं बोटांवर हिशेब केला : नऊ वीसला सुरू केलं, आता दोन एकतीस, मध्ये पाच तास अकरा मिनिटं! म्हणजे सकाळी जागं होताना यानं शून्यापासून मोजायला सुरुवात केली. याला माहीतच नाही आज कोणता दिवस आहे! हा बिचारा अजून त्या जानेवारीत बसलाय, जूनच्या आधी, मी अजून काचेच्या खोपट्यात आहे, माझ्यापुढं मायक्रोफोन आहे... तिनं त्रिकोणाखालची ‘अधिक माहिती’ दाबली. सकाळपासून दाबली नव्हती. जाहिरातींसकट सगळं वाचणारी बाई, हे तेवढं बारीक अक्षर सोडून गेली होती. तिथं स्वच्छ लिहिलं होतं : या ठिकाणाचे ओळखपत्र अद्याप लागू झालेले नाही.

अद्याप लागू झालेले नाही! म्हणजे प्रत्येक दारावरचा माणूस आपलं ओळखपत्र दाखवत होता, यंदाच्या सालाचं, खरंखुरं, आणि हा तेरा वर्षं मागं बसून म्हणत होता, हे साल तर अजून उजाडायचंय, तू लबाड आहेस. सगळ्या जगाला! तिला इतकं हसू आलं की खुर्चीत बसावं लागलं. तारखेवर टिचकी, महिना, साल, तास, मिनिट — भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून अगदी सेकंद बघून — आणि ठीक आहे. मग पान.

उघडलं. निळ्या पट्टीचं, ग्रंथालयाचं नाव असलेलं, शुभ्र पान. चाचणी चार वाजता सुरू होईल. मायक्रोफोन तपासून घ्या.

“बाबा! उघडलं!”

“पकडला चोर?”

“चोर नाही हो, झोपाळू होता!”

आणि हे ओरडता ओरडताच तिच्या लक्षात आलं — आता काही कारण उरलं नव्हतं.

रस्त्यापलीकडच्या दुकानात लोखंड घासायचं चाक सुरू झालं, कर्रर्र करत. ती ताडकन उठली. इथं कसं वाचणार? हा आवाज मायक्रोफोनमध्ये जाणार. संगणक मागच्या खोलीत न्यायला हवा, लगेच, वेळ आहे अजून. तिनं भराभर वायरी काढल्या, पेटी पोटाशी धरून नेली, पडदा नेला, मागच्या खोलीत पलंगाशेजारच्या स्टुलावर सगळं मांडलं, प्लग खोचला, बटण दाबलं. काळं पान आलं. पांढरी अक्षरं. पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा. हे सकाळीही आलं होतं, आणि सकाळी तिनं काहीच न वाचता दाबलं होतं. आता तिनं ते वाचून दाबलं. कोपरा... एक जानेवारी. रात्रीचे बारा वाजून दोन मिनिटं.

पुन्हा विसरला. आणि प्लग कुणी काढला? मी. मीच काढला. चाक तर रोजच फिरतं, दहा मिनिटं फिरतं आणि थांबतं, मला का ठाऊक नाही?... ती पलंगाच्या काठावर बसून राहिली. हात मांडीवर. त्या हातांकडे ती अशी बघत होती की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि त्यांना काहीतरी विचारायचंय.

पण थांबवत नव्हतं. भीती होती, तिच्या पाठोपाठ ते दुसरंही होतं — का विसरतो? तारीख तर पुन्हा लावता येईल, मिनिटभराचं काम. पण प्लग काढला की विसरतो आणि पूर्वी विसरत नव्हता, म्हणजे वीज नसताना लक्षात ठेवणारं आत काहीतरी होतं, आणि आता नाही. तिनं तारीख लावली, पान उघडून बघितलं, उघडलं, आणि मग नणंदेला फोन केला.

“आत एक चपटा गोल सेल असतो, वहिनी, रुपयाएवढा. तो संपला असणार. वीज गेली की त्याच्यावर त्याचं घड्याळ चालतं — थांब, काका, अहो तो कागद नाही, दुसरा — काय म्हणत होते? हां. घड्याळ.” आणि मग एकदम काही आठवून : “वहिनी... तू पाच आठवडे नव्हतीस ना घरी? संगणक बंदच होता ना?”

“बंदच. तुझा भाऊ त्याला हातसुद्धा लावत नाही.”

“बाबांना विचार. लहानपणी माझी बोलती बाहुली मी चार दिवस खेळले नाही की तिचा सेल निघालेला असायचा. रडून रडून घर डोक्यावर घेतलं तरी म्हणायचे, बंद वस्तूत सेल ठेवू नये, पाझरतो, आतलं सगळं खातो.”

तीन वाजून बावीस मिनिटं. सासरे आपल्या खिडकीशी खुर्चीत बसले होते, चेहरा थोडा एका बाजूला, उजेडाला कान दिल्यासारखा. तिनं विचारलं. अगदी सहज विचारलं, चहा टाकू का विचारावं तितकं. त्यांनी मान डोलावली. उठले, खणातून पत्र्याची डबी काढली, डबीतून कागदाची पुडी. पुडीवर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात तारीख, ती माहेरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची, आणि खाली लिहिलेलं : सूनबाईचे यंत्र. पन्नास वर्षं गिऱ्हाईकाच्या प्रत्येक घड्याळाचा सेल असाच पुडीत जायचा, नावासकट.

“या पेटीतला पंखा बदलायला आला होता ना तो मिस्तरी,” ते म्हणाले, “त्याला विचारलं होतं मी, आमचा सेल तुमच्याकडे काय करतो? म्हणाला, याचं घड्याळ चालवतो, आजोबा. म्हणून... तू गेलीस, म्हटलं पाझरेल. चाचपून काढला. परत बसवायचा होता तू यायच्या आधी. पण तू एक दिवस लवकर आलीस, आणि मला वाटलं, वीज आहे, चालेल. नेटचा आणि घड्याळाचा काय संबंध?” त्यांची मान आणखी वळली. “सकाळपासून तुझं काम मी अडवलंय तर.”

“अडलंय कुठं? चालू झालंय, बाबा. उद्या बसवू.”

“आत्ता बसवतो.”

त्यांचा हात खणात पेचकस शोधत होता. डोळे कडेला, बोटं पुढं. ती त्या बोटांकडे बघत होती. दीड वर्षात या बोटांना कुणी काम दिलं नव्हतं. तीन सव्वीस. संगणक चालू आहे, पान उघडं आहे, मायक्रोफोन हिरवा आहे. आणि आता तो बंद करायचा, उघडायचा, ज्यांना स्वतःची बोटंही समोरून दिसत नाहीत त्यांच्या हाती द्यायचा — कोण शहाणी बाई असं करेल? नाही म्हणायचं. गोड बोलून, उद्या. एक शब्द पुरे होता. आणि ती तो शब्द शोधत असतानाच आतून पुन्हा तेच मांजराचं पाऊल : होऊ दे, बिघडलं तर बिघडलं...

मग हे मी कुणासाठी करतेय? त्यांच्यासाठी, की त्या पांघरुणासाठी? तिला वेगळं करता येईना. खरंच येईना. दोन्ही वाटा एकाच प्लगपाशी येऊन मिळत होत्या.

“चला,” ती म्हणाली, आणि दुसऱ्यांदा प्लग काढला.

पेटी पलंगावर आडवी. ते गुडघ्यांवर बसले, ती शेजारी. एकेक स्क्रू निघाला तसा त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला, मोजत — एक, दोन. पत्रा सरकला. आत धूळ, वायरींचं जंगल, आणि त्यांची बोटं त्या जंगलात अशी शिरली की जणू रोजची पायवाट आहे.

“उजेड देऊ?”

“उजेडाचं मला काय? तू बोलत राहा. वेळ सांगत राहा.”

“तीन छत्तीस.”

“छत्तीस आणि वीस सेकंद. अक्षरांची बाजू वर का खाली, सांग.”

“वर.”

“वरच असणार. अंगठ्याला लागतंय.” सेल एकदा निसटला, वायरींत कुठंतरी खाली गेला, ते मात्र गालातल्या गालात हसले. “पळतोय बघ. पन्नास वर्षं पळतायत माझ्या हातून, सगळे सापडतात. तू वाच काहीतरी.”

“काय वाचू?”

“जे समोर असेल ते. आवाज थरथरतोय तुझा, त्याला चालू दे जरा.”

समोर पेटीतल्या पंख्यावरची चिठ्ठी होती. तीच ती वाचू लागली — व्होल्ट, अँपिअर, फेऱ्यांचा आकडा, हात लावू नये, ओल लागू देऊ नये, मुलांपासून दूर ठेवावे — आणि कशी कोण जाणे, तिसऱ्या ओळीपासून तिला हसू फुटू लागलं, आणि हसू दाबत दाबत वाचताना आवाज खाली उतरला, पोटात, जिथं तो पूर्वी राहायचा. हात लावू नये. ओल लागू देऊ नये. किती गंभीर, किती सुंदर वाक्यं! टक् असा बारीक आवाज झाला.

“बसला,” ते म्हणाले.

तीन अठ्ठेचाळीस. पत्रा, एक स्क्रू, दुसरा राहू दे. प्लग. बटण. आणि पुन्हा काळं पान, पांढरी अक्षरं, एफ वन.

तिनं ते दाबलं, कोपरा बघितला. त्यांनी मान वळवली. “काय झालं? विसरलाच का?”

“थांबा...” विसरला नव्हता, पण आठवणारही कसं? त्याच्याजवळ आठवण ठेवायची जागा आली होती, आठवण नव्हती. ती एकदा सांगावी लागणार. “सांगायचं राहिलंय त्याला. आजचा दिवस.” तिनं सांगितला. दिवस, महिना, साल. मिनिटं त्यांनी सांगितली, सेकंद धरून, बाहेरच्या खोलीतल्या घड्याळांचा आवाज ऐकत : “छप्पन्न... आता!” तिनं ठीक आहे दाबलं. निळी पट्टी. शुभ्र पान. मायक्रोफोन वापरायची परवानगी? दिली. कॅमेरा? दिला. सासरे उठून दारापर्यंत गेले, आणि बाहेर न जाता चौकटीला टेकून उभे राहिले, आपण नाही आहोत अशा थाटात.

चार. बाहेरच्या खोलीत ठोके पडले आणि पडद्यावर एक बाई आली. पांढरे आखूड केस, चष्मा, मागं पुस्तकांची फळी. ती हसली, बोलू लागली. ओठ हलत होते, मान डोलत होती, हात काहीतरी समजावत होते.

आवाज येत नव्हता.

“नमस्कार,” ती म्हणाली. पलीकडच्या बाईनं आपल्या कानाला बोट लावलं, भुवया वर केल्या, मान हलवली. तिलाही ऐकू येत नव्हतं. काचेच्या दोन बाजूंना दोघी, एकमेकींकडे बघत, दोघींची तोंडं उघडी. दहा मिनिटं. त्यातलं अर्धं मिनिट गेलंसुद्धा.

तिनं हाताचा तळवा दाखवला — थांबा हं. आणि वाट पाहिली, आतून कुणी येतंय का त्याची : मांजराच्या पावलानं, पांघरूण घेऊन. कुणी आलं नाही. नुसतं काळीज उडत होतं, जोरजोरात, लग्नघरातल्या पोरीसारखं. कुठं अडकलंय? माझ्याकडे, तिच्याकडे, की मधे? ती पडद्यापाशी वाकली, आवाजाच्या खुणेवर बोट नेलं, आणि पलीकडची बाईही अगदी तशीच, आपल्या पडद्यापाशी वाकलेली तिला दिसली, चष्मा कपाळावर सारून, ओठ चावत, काहीतरी शोधताना. मला हे वाचायचंय, तिच्या मनात आलं, इतकं साधं, इतकं मोठ्यानं की तिनं ते म्हटलंच :

“मला वाचायचंय. ऐकू येतंय का?”